सतरा मजलीपासून दीपनगरपर्यंत

जळगावात पत्ता सांगताना ‘सतरा मजलीच्या मागे’ एवढं म्हटलं की रिक्षावाला पुढे काही विचारत नाही. महापालिकेच्या या इमारतीला सरदार वल्लभभाई पटेलांचं नाव दिलेलं आहे. गावाने मात्र मजल्यांच्या आकड्यालाच तिचं नाव करून टाकलं. शहरातली सर्वांत उंच वास्तू कोणती, असं विचारलं तर जुना जळगावकर अजूनही तिच्याकडेच बोट दाखवील. प्रश्न जिल्ह्याचा किंवा साऱ्या खानदेशाचा असेल, तर ते बोट चुकीच्या दिशेला आहे. त्यासाठी तीसेक किलोमीटर पूर्वेला जावं लागतं, भुसावळच्या पुढे, दीपनगरला.

भुसावळ सोडून गाडी नागपूरच्या मार्गाला लागली की वरणगाव यायच्या आत औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दिसू लागतात. त्यातली ५०० मेगावॅटच्या संचांसाठी बांधलेली चिमणी २७५ मीटरची, म्हणजे नऊशे फुटांची आहे. आकडा मनात बसायला थोडी तुलना हवी. दिल्लीचा कुतुबमिनार साडेबहात्तर मीटरचा. असे जवळजवळ चार मिनार एकावर एक ठेवले तर दीपनगरची बरोबरी होईल. सातपुड्यापलीकडे केवडियाला सरदार पटेलांचा जगातला सर्वांत उंच पुतळा आहे, तो १८२ मीटरचा. खालचा चौथरा धरला तरी २४० मीटर. मुंबईचा ‘वर्ल्ड वन’ हा गाजलेला मनोरा २८० मीटरचा, म्हणजे दीपनगरहून अवघा एका मजल्याने पुढे. पॅरिसचा आयफेल टॉवर १८८९ साली उभा राहिला तेव्हा ३०० मीटरचा होता. केळी आणि कपाशीच्या या पट्ट्यात कुणाच्या फारशा लक्षात न येता उभी राहिलेली ही वास्तू देशातल्या सर्वांत उंच चिमण्यांच्या रांगेतली आहे.

तरीही उंच इमारतींच्या कुठल्याही यादीत तिचं नाव सापडणार नाही. जगभरच्या उंच इमारतींची नोंद ठेवणाऱ्या मंडळाचा नियम सरळ आहे: उंचीपैकी निदान निम्म्या भागात माणसाला वावरता येतील असे मजले असतील, तरच ती ‘इमारत’. बाकीच्या ‘रचना’. म्हणून ८२८ मीटरचा बुर्ज खलिफा इमारतींच्या यादीत पहिला येतो आणि कझाकस्तानातली एकिबास्तुझची सुमारे ४२० मीटरची चिमणी, जगातली सर्वांत उंच असूनही, त्या यादीबाहेर राहते. भारतातली सर्वांत उंच रचनाही इमारत नाही. तमिळनाडूत नौदलाच्या आयएनएस कट्टबोम्मन तळावर पाणबुड्यांशी संपर्क ठेवण्यासाठी उभारलेला तो ४७१ मीटरचा खांब आहे.

खानदेशापुरता हा फरक महत्त्वाचा आहे, कारण इथे माणसाने राहण्यासाठी उंच असं फारसं काही बांधलंच नाही. जे उंच झालं ते राज्य, धर्म, कापूस, नगरपालिका आणि वीज यांच्यासाठी. या वास्तू एकापुढे एक मांडल्या तर कोणत्या काळी इथला पैसा आणि हुकूम कुणाच्या हातात होता, याचा माग लागतो.

घरं बुटकी का राहिली, याचं उत्तर उन्हाळा देतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशीच्या घरात असतो. अशा मुलखात शहाण्या माणसाने घर धाब्याचं बांधलं: जाड मातीच्या भिंती, वर लाकडी सरे, त्यावर काटक्या-पाचोळा आणि सर्वांत वर दाबून बसवलेली माती. दुपारी असं घर आत गारवा धरून ठेवतं आणि रात्री सगळं घरदार अंथरूण घेऊन धाब्यावर जातं. मजल्यावर मजला चढवण्यात इथे काही फायदा नव्हता. वरचा मजला म्हणजे उन्हाच्या तावडीत आणखी एक खोली. जमिनीचाही अडसर होता. तापी-गिरणेच्या खोऱ्यातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल इतक्या भेगा पडून आकसते. तिच्यावर ठेवलेली भिंत दोन-चार वर्षांत तडकते. मुरूम लागेपर्यंत पाया खणायचा, हे इथल्या गवंड्याचं पहिलं काम. आणि जिथे मुरूमच खोल आहे तिथे पायाचा खर्च भिंतींच्या वर जातो. गावात वाड्याला माडी असली तर ती सावकाराची किंवा पाटलाची, आणि त्याहून उंच असली तर ती देशमुखाची गढी.

राज्यकर्त्यांना उंची आयती मिळाली होती. फारुकी घराण्याचा मूळपुरुष मलिक राजा याला फिरोजशहा तुघलकाकडून थाळनेरची जहागीर १३७० साली मिळाली आणि पुढे तो स्वतंत्रपणे राज्य करू लागला. १३९९ साली तो वारला; त्याची कबर तापीकाठी थाळनेरलाच आहे. त्याच्या वारसांनी लळिंगच्या डोंगरावरून आग्रा रस्त्याच्या घाटवाटेवर नजर ठेवली आणि आशीरगडावरून सातपुड्याची खिंड रोखून धरली. दक्षिणेत उतरणाऱ्याला आशीरगड टाळता येत नसे. अकबराला तो हाती यायला १६०१ साल उजाडलं आणि गड पडला तेव्हा फारुकी राज्यही संपलं. या लोकांना मनोरे बांधून उंची मिळवायची गरज नव्हती, डोंगर होतेच. हाताने उंच बांधायची वेळ आली ती सपाटीवरच्या राजधानीत. बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीचे दोन मिनार राजा अली खान फारुकीने १५८९ च्या सुमारास पुऱ्या केलेल्या बांधकामातले. याच मशिदीत अरबीच्या जोडीला संस्कृत शिलालेख आहे आणि त्यात शके १५११ अशी कालगणना दिली आहे. बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असलं तरी खानदेशाची राजधानी दोनशे वर्षं तिथेच होती.

या मिनारांपेक्षा खूपच लहान, पण जास्त नवलाची एक जोडी एरंडोल तालुक्यात फरकांडे गावी होती. ‘होती’ म्हणायचं कारण त्यातला एक मनोरा पडला. विटा-चुन्याच्या या सडसडीत मनोऱ्यांना लोक झुलते मनोरे म्हणत. आतल्या अरुंद, गोल फिरत जाणाऱ्या पायऱ्यांनी वर जायचं, वरच्या कठड्याला दोन्ही हात लावून ताल धरून रेटा द्यायचा. हातातला मनोरा डोलायला लागे आणि थोड्या वेळाने समोरचा, कुणी हातही न लावलेला मनोरा डोलू लागे. शाळेच्या सहली यासाठीच फरकांड्याला येत.

यात जादू नाही, हिशेब आहे. प्रत्येक उंच, बारीक वस्तूला हलण्याचा स्वतःचा एक वेग असतो. उंची, जाडी आणि बांधकाम सारखं असलेल्या दोन मनोऱ्यांचा हा वेग सारखाच येतो. ते एकाच चौथऱ्यावर उभे असतील तर पहिल्याची थरथर खालून दुसऱ्यापर्यंत पोचते, आणि ती नेमकी त्याच्याच वेगाची असल्याने प्रत्येक हेलकाव्यागणिक वाढत जाते. चुना सिमेंटसारखा कडक नसतो. थोडं वाकणं तो सोसतो, म्हणून तडा न जाता डोलणं शक्य होतं. इराणमध्ये इस्फहानला असेच डोलणारे मनोरे आहेत. अहमदाबादेत सिदी बशीरच्या मशिदीचे झुलते मिनार तर खानदेशातून सुरतेमार्गे व्यापाराला जाणाऱ्यांच्या ओळखीचे. फरकांड्याच्या कारागिराने हे गणित कागदावर मांडलं असेल असं नाही, पण दोन मनोरे तंतोतंत सारखे उतरवायची हातोटी त्याच्याकडे होती. जोडीतला एक गेल्यावर दुसऱ्याचं झुलणं बघायलाही काही उरलं नाही.

इंग्रज आले आणि उंचीचा अर्थ बदलला. २७ फेब्रुवारी १८१८ रोजी सर थॉमस हिस्लॉपच्या फौजेने थाळनेर घेतलं आणि किल्लेदाराला फाशी दिलं. त्यानंतर खानदेशातल्या किल्ल्यांना लष्करी किंमत राहिली नाही. पहिला पोलिटिकल एजंट कॅप्टन जॉन ब्रिग्जने डोंगराचा पायथा सोडून पांझरेकाठी सपाटीवर धुळ्याची नवी पेठ आखली. रस्ते सरळ, चौक रुंद, आणि कचेऱ्या बसक्या. नव्या राज्याला उंच बसून पहारा करायचा नव्हता. त्याला कापूस बंदरावर न्यायचा होता.

तो कापूसच पुढे खानदेशात नव्या उंच वास्तू घेऊन आला. १८६० च्या दशकात जीआयपी रेल्वे चाळीसगाव, जळगाव करत भुसावळला पोचली, आणि त्याच वेळी अमेरिकेत यादवी युद्ध पेटल्याने लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला. भाव गगनाला भिडले. त्या तेजीत जळगाव हे एक साधं गाव मोठी कापूसपेठ झालं. १८६४ मध्ये तिथे नगरपालिका आली. कलेक्टर अॅशबर्नरने हिंगणघाटी सरकीचं बियाणं शेतकऱ्यांच्या गळी उतरवलं, ते याच वर्षांत. पुढच्या दशकात मुंबईचे व्यापारी मुळजी जेठा यांनी जळगावात खानदेश स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल काढली. खानदेशच्या सपाटीवर किल्ला नसलेली, देवाची नसलेली अशी पहिली मोठी उंच वस्तू म्हणजे गिरणीची चिमणी. नंतर अमळनेरला प्रतापशेठांची प्रताप मिल, धुळ्याला न्यू प्रताप मिल, चाळीसगावला लक्ष्मीनारायण मिल अशी रांग लागली. कापूस पिकवणाऱ्या बहुतेक तालुक्यांच्या गावी जिनप्रेस आल्या आणि त्यांच्या लहान चिमण्या दिवाळीनंतरच्या हंगामात धुरायला लागल्या.

ही चिमणी शोभेची नव्हती. बॉयलरच्या भट्टीत कोळसा नीट जळायचा तर हवा खेचली गेली पाहिजे. उंच नळीतला तापलेला धूर हलका होऊन वर जातो आणि खालून ताजी हवा ओढून घेतो. नळी जितकी उंच, तितकी ओढ जास्त. म्हणून चिमणी बांधणारे गवंडी वेगळे असत. खाली रुंद, वर निमुळतं होत जाणारं गोल बांधकाम, एकेका थराला बारीक होत जाणारी भिंत, मध्ये लोखंडी पट्टे, आणि वर वीज पडली तर जमिनीत जावी म्हणून तांब्याची पट्टी. ओळंबा इंचभर हलला तर वर जाऊन चिमणी कलली म्हणून समजा. चिमणीच्या शेजारी भोंगा. पाळीचा भोंगा झाला की गिरणगावच नव्हे, सारं शहर त्यावर घड्याळं लावी, चुली पेटवी, पोरांना शाळेत पिटाळी.

गिरणीच्या मालकांनी उंचीबरोबर आणखी काही बांधलं, हे खानदेशाचं नशीब. अमळनेरला प्रतापशेठांनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर काढलं. देशभरचे अभ्यासक त्या लहान गावात येऊन राहिले. साने गुरुजी १९२४ पासून तिथल्या प्रताप हायस्कुलात शिकवत होते आणि पुढे गिरणी कामगारांच्या संघटनेतही उतरले. शाळा आणि गिरणी दोन्हींवर नाव एकाच शेठजींचं, आणि दोन्हीकडची माणसं एकाच भोंग्यावर घराबाहेर पडणारी. जळगावच्या मुळजी जेठा महाविद्यालयालाही गिरणीवाल्याचंच नाव आहे. गिरणी बंद पडली, तिच्या जागेवर पुढे खानदेश सेंट्रल आलं. कॉलेज मात्र चालू आहे.

स्वातंत्र्यानंतर उंच बांधायची हौस लोकांनी निवडून दिलेल्या संस्थांकडे आली. गावोगाव नळयोजना झाल्या आणि पाण्याची टाकी ही गावातली सर्वांत उंच वास्तू ठरली. टाकीला आणखी एक उपयोग सापडला: मागणी मान्य होईना की आंदोलक टाकीवर चढून बसतो. वर्तमानपत्रं त्याला ‘शोले स्टाईल आंदोलन’ म्हणतात आणि खाली तहसीलदार, फौजदार वर बघत विनवण्या करत उभे असतात. जळगावच्या बाजारपेठेत शास्त्रीजींच्या नावाचा घड्याळाचा टॉवर आला आणि चौकाचा ‘टॉवर चौक’ झाला. भोंगा गेल्यावर वेळ सांगायचं काम नगरपालिकेने आपल्याकडे घेतलं, असंही त्याकडे बघता येईल.

मग १९९० च्या दशकात सतरा मजली उभी राहिली. त्या वेळी जळगाव महापालिकाही नव्हतं. ‘ड’ वर्गाची महापालिका व्हायला २००३ साल लागलं. दोन-अडीच लाखांच्या वस्तीच्या जिल्ह्याच्या गावी नगरपालिकेने सतरा मजले चढवणं, हे तेव्हाच्या महाराष्ट्रात ऐकिवात नव्हतं. शहरावर सुरेशदादा जैन यांच्या गटाची एकहाती पकड असलेला तो काळ. व्यापारी संकुलं, घरकुलं, रस्ते अशा कामांचा धडाका सुरू होता, आणि त्यामागे ‘हुडको’कडून काढलेली मोठाली कर्जं होती. त्या कर्जाचे हप्ते आणि व्याज पुढे वर्षानुवर्षं महापालिकेच्या मानगुटीवर बसले. खाती गोठवण्यापर्यंत वेळ गेली. घरकुल योजनेचं प्रकरण न्यायालयात गेलं आणि २०१९ मध्ये धुळ्याच्या विशेष न्यायालयाने त्यात शिक्षा सुनावल्या. इमारतीबद्दल मात्र जळगावकराच्या मनात अभिमानच आहे. लिफ्ट बंद पडली की घरपट्टीची तक्रार घेऊन आलेला माणूस पायऱ्यांचा हिशेब करत शिव्या घालतो, आणि गावाबाहेरचा पाहुणा आला की त्यालाच ती इमारत कौतुकाने दाखवतो.

मजल्यामागे साडेतीन मीटर धरले तर सतरा मजलीची उंची साठ मीटरच्या आसपास भरते. दीपनगरची चिमणी तिच्या चौपटीहून जास्त.

दीपनगरचं केंद्र भुसावळ तालुक्यात फेकरीजवळ आहे. पाणी तापीवरच्या हतनूर धरणाचं, कोळसा विदर्भाकडून रेल्वेने येणारा, आणि भुसावळसारखं मोठं जंक्शन दाराशी; जागा निवडण्याचं कारण यात आलं. पहिला संच साठीच्या दशकाच्या अखेरचा, साठेक मेगावॅटचा. २१० मेगावॅटचे दोन संच १९७९ आणि १९८२ मध्ये आले. खरी झेप २०१२ नंतरची: ५०० मेगावॅटचे दोन संच, आणि त्यानंतर ६६० मेगावॅटचा आणखी एक.

५०० मेगावॅटच्या संचाला २७५ मीटरचीच चिमणी का? कारण कायद्यात तसं लिहिलं होतं. पर्यावरण संरक्षण कायद्याखालच्या नियमांनी चिमणीची उंची संचाच्या आकाराला बांधून टाकली होती: ५०० मेगावॅट आणि वर २७५ मीटर, २०० ते ५०० मेगावॅटला २२० मीटर, आणि त्याखाली धुरातल्या सल्फर डायऑक्साइडच्या प्रमाणावरून सूत्राने काढायची. त्या सूत्राची गंमत अशी, की विषारी वायू दहापट झाला तर चिमणी फक्त दुप्पट करावी लागते. देशातल्या सर्वांत उंच चिमण्या जवळजवळ एकाच मापाच्या का, याचं उत्तर या नियमात आहे. चंद्रपूर असो की दीपनगर, कुणाला कुणाच्या वर चढायचं नव्हतं. सगळ्यांना नियमापुरतं जायचं होतं.

गिरणीच्या आणि वीज केंद्राच्या चिमणीत इथे मोठा फरक पडतो. गिरणीची चिमणी आग नीट पेटावी म्हणून उंच होती. दीपनगरला हवा ओढायला प्रचंड पंखे आहेत, त्या कामासाठी उंचीची गरज नाही. तिथली उंची आहे ती धूर दूर फेकण्यासाठी. वर सोडलेला गंधकाचा वायू खाली यायच्या आत लांबवर पसरतो, पातळ होतो. म्हणजे फेकरीच्या माणसाच्या नाकात जायचा तो पाच-पंचवीस गावांत वाटला जातो. वायू नाहीसा होत नाही. राखेची अडचण तर उंचीने सुटतच नाही. भारतीय कोळशात तिसऱ्या हिश्श्याहून जास्त राख निघते. विजेच्या यंत्राने ती धुरातून वेगळी काढून पाण्याबरोबर वेल्हाळ्याच्या तळ्यात सोडतात. उन्हाळ्यात ते तळं वाळलं आणि वारा सुटला की आसपासच्या गावांच्या तक्रारी सुरू होतात, त्या वर्षानुवर्षं चालू आहेत.

एवढी चिमणी बांधायची पद्धतही पाहण्यासारखी. तिला खालपासून वरपर्यंत परांची बांधत नाहीत. जमिनीवर गोलाकार साचा मांडतात, माणसाच्या उंचीहून कमी. त्यात सळ्या बांधून काँक्रीट ओततात. तळातलं काँक्रीट आपल्या पायावर उभं राहण्याइतकं घट्ट झालं, की जॅक लावून सगळा साचा काही सेंटीमीटर वर सरकवायचा, आणि वरून पुन्हा काँक्रीट. साचा थांबत नाही, म्हणून कामही थांबत नाही. तीन पाळ्यांत, दिवसरात्र, दिवाळीतसुद्धा. माणसं साच्याला टांगलेल्या फळ्यांवर उभी असतात आणि फळ्या त्यांना घेऊन रोज वर जातात. काँक्रीटचं नळकांडं तयार झालं की आत प्रत्येक संचाच्या धुराची वेगळी नळी बसवतात. म्हणजे बाहेरून जी एक चिमणी दिसते ती खरं तर आतल्या नळ्यांचं कवच असते. शेवटी विमानांसाठी तांबडे-पांढरे पट्टे आणि रात्रीचे लाल दिवे. तापीपलीकडच्या यावल-रावेरच्या केळीच्या बागांना रात्री पाणी देणारा शेतकरी भुसावळची दिशा त्या दिव्यांवरून ओळखतो.

विजेनेच धुळे जिल्ह्यालाही उंच केलं, पण निराळ्या रीतीने. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेल, छडवेल, निजामपूरच्या बाजूचं पठार उघडंबोडकं, पावसाची वाट बघणारं आणि वाऱ्याचं. २००० नंतरच्या दशकात तिथे पवनचक्क्यांचं रान उगवलं. एकट्या ब्राह्मणवेलच्या प्रकल्पाची क्षमता ५२८ मेगावॅट नोंदली गेली, जी देशातल्या मोठ्या पवन प्रकल्पांत मोडते. इथेही उंचीला कारण आहे. जमिनीलगत वारा झाडांना, उंचवट्यांना घासून मंदावतो. वर तो मोकळा वाहतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातली ताकद आठपट होते, तेव्हा खांब वीस मीटरने वाढवायचा खर्च वसूल होतो. ऐंशी मीटरच्या खांबाला चव्वेचाळीस मीटरचं पातं लावलं की पात्याचं टोक सव्वाशे मीटरच्या जवळ जातं. सतरा मजलीच्या दुप्पट उंचीच्या अशा शेकडो वस्तू, त्याही ज्या गावांत शाळेची इमारत हीच सर्वांत उंच, त्या गावांच्या शिवारात.

लोकांना त्याचं कौतुक वाटलं आणि रागही आला. ज्यांची जमीन गेली त्यांना भाव आणि नोकरीबद्दल तक्रारी होत्या. वनजमीन प्रकल्पाला दिल्यावरून आदिवासी संघटनांनी आंदोलनं केली. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीचा पट्टा आम्हाला मिळत नाही आणि पंख्याला लगेच मिळतो, हा त्यांचा सवाल होता. तांब्याच्या केबलचोरीने साक्री-निजामपूरच्या पोलिसांना कायमचं काम लागलं, ते वेगळंच.

या सगळ्यात देवाच्या नावाने बांधलेली उंची मागे पडली, असं मात्र नाही. १८६९ पर्यंत खानदेश जिल्ह्यातच असलेल्या बागलाणात, मांगीतुंगीच्या डोंगरात, ऋषभदेवांची १०८ फुटांची मूर्ती अखंड कातळातून कोरली गेली आणि २०१६ साली तिची प्रतिष्ठापना झाली. तिथे रचून उंच केलेलं काही नाही. फारुकींसारखंच, डोंगराकडून उंची घेतलेली आहे.

यापुढे दीपनगरला मागे टाकणारं काही खानदेशात उभं राहील, अशी चिन्हं नाहीत. २०१८ साली केंद्र सरकारने चिमण्यांच्या उंचीचा नियम बदलला; धुरातून गंधक काढणारी यंत्रणा बसवली तर २७५ मीटरची सक्ती राहिलेली नाही, आणि कमी उंचीत काम भागत असताना जास्त काँक्रीट कुणी ओतणार नाही. नव्या पवनचक्क्यांचे खांब १४० मीटरवर गेले आहेत, पण पात्याचं टोक धरूनही त्या सव्वादोनशेच्या आत राहतात. जळगाव-धुळ्यात नव्या वसाहती होताहेत त्याही आडव्या, शेतं बिनशेती करत.

औष्णिक संच पंचवीस-तीस वर्षं चालतो असं धरतात. त्या हिशेबाने २०४० च्या आसपास या चिमणीचं काय करायचं, हा प्रश्न येईल. गिरण्यांच्या चिमण्यांच्या वेळी तो कुणी विचारला नाही. किती उंच होत्या, कुणी बांधल्या, कधी पाडल्या याच्या नोंदी, गवंड्यांची नावं, भोंग्यावर उठलेल्या कामगारांच्या आठवणी एकत्र करायचं काम अजून बाकी आहे, आणि ती माणसं आता थकली आहेत. धुळ्याला १९२७ पासून राजवाडे संशोधन मंडळ कागदपत्रं जपतं आहे. जळगाव, धुळे, शिरपूरला अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत. एखाद्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी टेप आणि कॅमेरा घेऊन आपापल्या तालुक्यातल्या उरलेल्या चिमण्या, टाक्या, टॉवर मोजून काढले तर नोंदीचं निम्मं काम होईल. सुरुवात फरकांड्यापासून करावी. तिथे मोजायला एकच मनोरा उरला आहे.